कडता

माझे बाबा, बर्नबास उजागरे,
तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात मापाडी.
पितळेचा बिल्ला खिशाला टाचलेला,
त्याच्या पिनेनं प्रत्येक सदऱ्याला दोन भोकं.
पहाटे चारला गाळ्यावर. काटा पुसायचा, शून्यावर आणायचा,
मग वाकून बघायचं,
कुणाचा पाय फळीला टेकलेला नाही ना.
ते वाकणं मला लहानपणी प्रार्थनेसारखं वाटायचं.
त्यांचे गुडघे दुखायचे, हे पुढे कळलं.

गोणीमागे दोन किलो कडता.
माती, ओल, साल, बारदान यांच्या नावानं.
बारदान भरतं जेमतेम पाऊण किलो.
बाकीचं कुठं जातं हे अख्ख्या बाजाराला ठाऊक,
म्हणूनच कुणी विचारत नव्हतं.
बाबांनीही विचारलं नाही.
एका मंगळवारी नुसतं लिहिलं, जेवढं भरलं तेवढं.
त्रेपन्न किलो चारशे. बावन्न किलो नऊशे.
अशा एकशे अठरा गोण्या.

शेठ वाईट नव्हता. त्यानं चहा मागवला.
"उजागरे, तुमच्या देवाला बटाट्यातलं काय कळतं?"
"त्याला नसंल कळत," बाबा म्हणाले, "मला कळतं ना."
आणि बशीत ओतून चहा सगळा प्यायले.

त्यानंतर आठ महिने पाळीच्या यादीत नाव सगळ्यात खाली.
आईनं कोपरखैरण्यातल्या पोरांचे डबे घेतले,
सोळा डबे, चार मजले, लिफ्ट नाही.
"विश्वास तुमचा," ती म्हणायची, "कणीक माझी."
जेवणाआधी डोळे मात्र तीच पहिल्यांदा मिटायची.
मी मिटत नव्हते.
माझ्या नर्सिंगच्या फीचा दुसरा हप्ता
त्या एकशे अठरा गोण्यांत गेला होता.

रविवारी उपासनेत, हार्डवेअरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये,
पाळकसाहेब म्हणाले, आज उजागरे भाऊ साक्ष देतील.
बाबा उठले. पुढच्या खुर्चीची पाठ धरली.
पंखा फिरत होता, कुणाचं तरी पोर खोकत होतं.
"मी मापाडी आहे," ते म्हणाले.
आणि बसले.
मागं कुणीतरी हसलं. कुणीतरी उशिरानं आमेन म्हणालं.
मला जमिनीत जावंसं वाटलं,
पण ती जमीन म्हणजे खालच्या दुकानाचा स्लॅब.

आता मी तुर्भे स्टोअरजवळच्या दवाखान्यात असते.
बाळं वजन करते.
अडीच किलोच्या खाली आकडा गेला की तक्त्यात लाल खूण,
लाल खुणा वाढल्या की वरून फोन.
"दोनशे ग्रॅमनं काय बिघडतं, सिस्टर?"
गोड माणूस आहे, माझ्या वाढदिवसाला केक आणतो.
मी दोनदा अडीच लिहिलंय.
खोटं कशाला सांगू.

आज नसरीनची मुलगी आणली, सहा दिवसांची,
मुठी आवळून, कुणाशी तरी भांडून आल्यासारखी.
काटा शून्यावर आणला.
मग कमरेतून वाकले आणि पाहिलं,
आईची ओढणी तबकडीला टेकली होती.
ती बाजूला केली.
किती वेळ वाकून होते कोण जाणे,
नसरीन म्हणाली, "काय झालं, बाई?"

दोन किलो तीनशे नव्वद.
हिला पुढच्या आठवड्यात परत आणायची,
तिच्या दुधाचं बघायचं, घरी जायचं, जिना चढायचा,
फोन येईल तेव्हा काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही.
पेन्सिल ठेवली, पेन घेतलं.

बाळाखाली दुपटं होतं. ते वेगळं तोललं.
एकशे दहा ग्रॅम. वजा केले.
दोन किलो दोनशे ऐंशी.
तेवढाच कडता, बाबा.